बालवर्गातील येशूची गोष्ट : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

मागील अंकात बालवर्गातील ख्रिस्ती शिक्षणाविषयी प्रश्न पाठवण्याचे आवाहन केले होते. आलेली बहुतेक पत्रे कोल्हापूर शहरातून आणि करवीर, हातकणंगले या तालुक्यांतून आहेत. एकाच विषयाची पत्रे एकत्र केली आहेत आणि लिहिणाऱ्यांच्या इच्छेनुसार कोणाचेही नाव छापलेले नाही. सर्व उत्तरे तीन ते सहा या वयोगटापुरती आहेत. सात-आठ वर्षांच्या मुलांच्या बाबतीत यांतील काही सल्ले अपुरे आणि काही चक्क उलटे ठरतील, हे कृपया ध्यानात ठेवावे.

प्रश्न : सलाम ताई. मी कोल्हापुरात एका ख्रिस्ती संस्थेच्या शाळेत बालवर्गाला शिकवते. रोज सकाळी अर्धा तास बायबलचा असतो. जगाच्या उत्पत्तीपासून प्रेषितांपर्यंत चाळीस गोष्टी वर्षभरात संपवायच्या, असा तक्ता मला दिलेला आहे. मुले चुळबुळ करतात आणि गोष्ट अर्ध्यावर असतानाच डबा कधी खायचा म्हणून विचारतात. मी आणखी रंजक कसे सांगावे?

उत्तर : तुमच्या सांगण्यात फारसा दोष नसावा, दोष त्या चाळीस या आकड्यात आहे. चार वर्षांच्या मुलाला नव्या गोष्टीची ओढ नसते. त्याला कालचीच गोष्ट कालच्याच शब्दांत हवी असते, आणि सांगणाऱ्याने एखादे वाक्य गाळले तर ते लगेच टोकते. दर आठवड्याला नवी माणसे, नवी गावे, नवी संकटे त्याच्यासमोर आणली, तर त्यातले काहीच त्याच्या ओळखीचे होत नाही, आणि जे ओळखीचे नाही त्याच्यासमोर मूल डब्याची आठवण काढणारच. माझ्या मते बालवर्गाच्या एका वर्षाला पाच-सहा गोष्टी पुष्कळ झाल्या : नाताळच्या सुमारास ख्रिस्तजन्म, त्याच्या आगेमागे उत्तम मेंढपाळ आणि हरवलेले मेंढरू, पावसाळ्यात पेरणीच्या दिवसांत मोहरीचा दाणा, येशूने लेकरांना जवळ घेतले तो प्रसंग, आणि वर्ष संपता संपता पुनरुत्थान. एकेक गोष्ट महिना-दीड महिना चालू द्यावी.

काही गोष्टी या वयात सांगूच नयेत. अब्राहाम आपल्या मुलाचा बळी द्यायला निघतो ती गोष्ट अनेक तक्त्यांत ‘आज्ञाधारकपणा’ या शीर्षकाखाली असते. प्रौढ वाचक अब्राहामाच्या जागी उभा राहून ती वाचतो. मूल मात्र इसहाकाच्या जागी उभे राहून ती ऐकते आणि संध्याकाळी घरी आलेल्या आपल्या बाबांकडे वेगळ्याच नजरेने बघते. गल्याथाचे शिर, मिसर देशावरच्या पीडा, यहूदाचा शेवट हे सगळे पुढच्या वर्गांसाठी ठेवावे. ते वगळल्याने श्रद्धेत काही उणे राहत नाही, कारण पवित्र शास्त्र वाचायला मुलाला सगळे आयुष्य पडलेले असते.

जाँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने दोन ते सात वर्षे हा बुद्धीच्या वाढीतला एक वेगळा टप्पा मानला. या टप्प्यातले मूल काठीचा घोडा आणि खोक्याची मोटार सहज करते, पण ऐकलेल्या गोष्टीतून तात्पर्य सोडवून घेणे त्याला जमत नाही. म्हणून ‘या गोष्टीवरून आपण काय शिकलो?’ हा प्रश्न बालवर्गात विचारणे व्यर्थ आहे. मुले ‘खोटं बोलू नये’ असे एका सुरात उत्तर देतात, कारण कोणत्याही गोष्टीनंतर ते उत्तर चालते हे त्यांना अनुभवाने कळलेले असते. मुलाला जे जमते तेच आपण वापरावे : त्याच्या हाताला वस्तू द्यावी.

रोममध्ये 1954 साली सोफिया कावालेत्ती या बायबलच्या अभ्यासक आणि जियाना गोब्बी या माँटेसरी पद्धतीच्या शिक्षिका यांनी लहान मुलांच्या ख्रिस्ती शिक्षणाचे काम हाती घेतले. मुले कोणत्या गोष्टीकडे आपणहून परत येतात आणि कोणते साहित्य कपाटात पडून राहते, हे त्या वर्षानुवर्षे बघत राहिल्या, आणि ज्याच्याकडे मुले वळली नाहीत ते साहित्य त्यांनी काढून टाकले. सहा वर्षांखालच्या मुलांनी ज्या दाखल्याला, म्हणजे येशूच्या ज्या बोधकथेला, सर्वांत जास्त जवळ केले तो उत्तम मेंढपाळाचा. मेंढपाळ आपल्या मेंढरांना ओळखतो आणि नावाने हाक मारतो. आपण कोणाच्या तरी ओळखीचे आहोत, ही या वयातली पहिली गरज आहे. चांगले काय, वाईट काय, शेजाऱ्याशी कसे वागावे असे नीती सांगणारे दाखले त्यांनी सहा वर्षांनंतरच्या मुलांसाठी राखून ठेवले.

ही गोष्ट कोल्हापुरात सांगण्याइतके सोपे काम दुसरे नाही, कारण येथील मुलाला मेंढरू चित्रातून दाखवावे लागत नाही. ऊस गेलेल्या रानात शेतकरी खतासाठी मेंढरं बसवतात. जाळी लावून रात्रभर कोंडलेला कळप, खांद्यावर घोंगडी टाकलेला धनगर, शिंगरावर बांधलेले कोकरू हे आपल्या मुलांनी गाडीरस्त्यावरून जाताना पाहिलेले असते. शहरातल्या मुलांना ते पाहायला मिळाले नसेल, तर हिवाळ्यात एखाद्या सकाळी त्यांना घेऊन जाणे फार अवघड नाही. साहित्यही विकत आणू नये. ताराबाई मोडक यांनी 1945 मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचे काम मांडले, तेव्हा परदेशी साधनांच्या जागी गावात मिळणाऱ्या वस्तूंपासूनच साधने तयार करण्यावर भर दिला होता. आपल्याकडे बेंदराला मातीचे बैल करणारे कुंभार आहेत. त्यांच्याकडूनच मुलाच्या मुठीत मावतील एवढी मेंढरे आणि एक मेंढपाळ करून घ्यावा. खाली घोंगडीचा तुकडा, बाजूला हिरवे कापड, आणि उसाच्या चिपाडांचे एका बाजूने उघडे कुंपण. एखाद्या मेंढराचा पाय मोडला तर ते फेकून देऊ नये. मुले त्यालाच सर्वांत आधी उचलतात, असे तुम्हाला दिसेल.

गोष्ट सांगताना खाली मांडी घालून बसावे, आवाज खाली आणावा, आणि आपली नजर मुलांकडे न ठेवता मेंढरांकडे ठेवावी. शिक्षिका जिकडे बघते तिकडेच मुले बघतात. मेंढपाळ एकेका मेंढराला हाक मारतो, ते कुंपणातून बाहेर येते, हिरव्या कापडावर जाते. हात सावकाश हलवावा. बोलायची वाक्ये थोडी आणि रोज तीच असावीत. लांडगा आणि पगारी राखणदार हे पात्र पाच वर्षांनंतर आणले तरी चालते. गोष्ट संपली की दोनच गोष्टी विचाराव्यात : मेंढरांना काय वाटलं असेल, आणि मेंढपाळाला काय वाटलं असेल. उत्तर आले नाही तरी चालेल. ‘तुम्ही सगळे येशूची मेंढरं आहात’ हे वाक्य मात्र कटाक्षाने टाळावे. ते मुलाला स्वतः सापडायला हवे, आणि ज्या दिवशी सापडते त्या दिवशी वर्गात वेगळीच गडबड होते.

त्यानंतर साहित्य मुलांच्या हाताला येईल अशा खालच्या फळीवर ठेवावे. एका बालवर्गात मी पाहिले होते की एक मुलगा रोज एक मेंढरू आपल्या पाठीमागे लपवून मातीच्या मेंढपाळाला शोधायला लावत असे. मेंढपाळ सगळी घोंगडी पालथी घालायचा, मुलाच्या गुडघ्यावर चढायचा, आणि शेवटी मेंढरू सापडले की तो मुलगा दोघांना एकमेकांना चिकटवून ठेवून निघून जायचा. कोणाशी एक अक्षर बोलायचा नाही. त्याच्या बाईंनी त्याला कधी काही विचारले नाही, हे त्या बाईंचे मोठेपण.

आता चाळीस गोष्टींच्या तक्त्याचे. मुख्याध्यापकांशी वाद घालू नका. त्यांना एकदा गोष्टीच्या वेळी आणि एकदा साहित्य मोकळे असते त्या वेळी वर्गात बसायला बोलवा. मुलांनी काय केले, काय विचारले याची तारखेनिशी वही ठेवा. संस्थेला कागद हवा असतो, आणि ती वही हाच कागद आहे.

प्रश्न : आमच्या संस्थेच्या बालवर्गात ख्रिस्ती मुले थोडी, बाकीची हिंदू, मुसलमान आणि जैन घरांतली आहेत. अल्पसंख्याक संस्था म्हणून बायबलच्या गोष्टी सांगण्याचा आम्हाला हक्क आहे, असे व्यवस्थापन म्हणते. काही पालक नाराजी दाखवतात, बाकीचे गप्प असतात. कायदा काय सांगतो आणि तुम्ही काय सांगाल?

उत्तर : कायद्याचे आधी सांगते, कारण ते थोडक्यात सांगता येते. घटनेच्या कलम 30 प्रमाणे अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क आहे, हे व्यवस्थापनाचे म्हणणे खरे. पण त्याच्याआधी कलम 28 आहे. पूर्णपणे शासनाच्या पैशावर चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. म्हणून 1975 पासून चालत आलेल्या अंगणवाड्यांत किंवा महापालिकेच्या बालवाड्यांत कोणत्याच धर्माच्या शिक्षणाला जागा नाही, आणि एखादी ख्रिस्ती सेविका तेथे काम करत असेल तर तिनेही हे पाळावे. शासनाची मान्यता किंवा अनुदान असलेल्या शाळेत कोणालाही धार्मिक शिक्षणात भाग घ्यायला किंवा उपासनेला हजर राहायला भाग पाडता येत नाही. विद्यार्थी अल्पवयीन असेल तर पालकाची संमती लागते. चार वर्षांच्या मुलाला ‘नको’ म्हणता येत नाही, म्हणून तर ही संमती. अनेक खासगी बालवर्ग मान्यतेच्या चौकटीबाहेर चालतात, तरी तेथेही हाच नियम पाळावा असे मी म्हणेन.

आता माझे मत. प्रवेश घेतला म्हणजे संमती दिली, असे धरून चालणे योग्य नाही. कोल्हापुरातले पालक मिशनच्या शाळेत मूल का घालतात हे आपल्याला ठाऊक आहे. अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर 1852 मध्ये येथे आले आणि मिशनच्या शाळा सुरू झाल्या, शाहू महाराजांनी 1917 मध्ये संस्थानात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. शिक्षण या गोष्टीला या गावात फार जुना मान आहे, आणि शिस्त, स्वच्छता, बाईंची माया यांसाठी लोक या शाळांच्या दारात येतात. तो विश्वास आपल्याकडे ठेवायला दिलेला आहे. गप्प बसणाऱ्या पालकाची मान हलली म्हणजे त्याने होकार दिला असे होत नाही. पुष्कळदा त्याला प्रवेश जाईल अशी भीती असते.

म्हणून संमतीचा कागद वेगळा असावा, मराठीत असावा, आणि प्रवेशाच्या अर्जाच्या मागच्या पानावर बारीक अक्षरांत नसावा. वर्षभरात कोणत्या गोष्टी सांगणार, कोणती प्रार्थना म्हणणार, हे त्यात स्पष्ट लिहावे आणि पालकांना वर्गात येऊन बसण्याची मुभा द्यावी. ज्यांची संमती नाही त्या मुलांना व्हरांड्यात बसवणे ही शिक्षा आहे. त्यांच्यासाठी त्याच वेळी तितकेच आवडीचे काम असले पाहिजे, आणि ते घेणारी शिक्षिकाही तितकीच चांगली असली पाहिजे. माझी स्वतःची पसंती विचाराल तर मिश्र वर्गात गोष्ट सांगावी, पण प्रार्थना आणि उपासना ख्रिस्ती घरांतल्या मुलांसाठी शाळा सुटल्यावर किंवा रविवारच्या शब्बाथ शाळेत ठेवावी. यावर काही पाळकसाहेब (चर्चचे धर्मगुरू) माझ्याशी सहमत होणार नाहीत, ते पत्र लिहून कळवतीलच.

गोष्ट सांगतानाही एक प्रसंग हमखास येतो. उत्तम मेंढपाळाची गोष्ट चालू असते आणि पट्टणकोडोलीच्या यात्रेला घरच्यांबरोबर जाऊन आलेले धनगराचे पोर मध्येच म्हणते, ‘बाई, आमचा बिरोबा पण मेंढरं राखतोय.’ अशा वेळी ‘तसं नाही बाळा’ म्हणून दुरुस्ती करणारी शिक्षिका त्या मुलाला एवढेच शिकवते की घरी जे प्रेमाने सांगितले ते शाळेत खोटे ठरते. ‘हो का? यात्रेत काय काय पाहिलंस?’ असे विचारावे. भंडाऱ्याची उधळण, ढोल, घोंगड्या याविषयी ते भरभरून सांगेल आणि मग पुन्हा मेंढरांकडे वळेल. येशूवर माझी श्रद्धा आहे आणि ती मी लपवत नाही, पण चार वर्षांच्या मुलाच्या आजीला खोटे ठरवून ती श्रद्धा रुजवता येते असे मला वाटत नाही. खाऊ, बक्षीस, नाताळची भेट या गोष्टी प्रार्थना म्हणण्याशी कधीही जोडू नयेत, हेही येथेच सांगून ठेवते.

प्रश्न : माझा मुलगा साडेचार वर्षांचा आहे. रविवारच्या वर्गात त्याला सैतान आणि नरकाचा अग्नी यांची चित्रे दाखवली. तेव्हापासून तो रात्री दिवा मालवू देत नाही, आणि दूध सांडले तरी ‘देव बघतोय ना?’ म्हणून रडतो. वर्ग घेणाऱ्या बाई सासूबाईंच्या मैत्रीण आहेत, त्यामुळे बोलायला संकोच वाटतो. मी काय करू?

उत्तर : प्रथम मुलाचे पाहू. या वयात मनात आलेले आणि खरे घडलेले यांतली सीमा पक्की नसते. चित्रातला अग्नी त्याच्यासाठी कुठेतरी पेटलेला आहे, आणि घरातील वाईट घटनेला आपणच कारण आहोत असेही त्याला सहज वाटू शकते. ‘असं काही नसतं, झोप’ असे म्हणून त्याची भीती उडवून लावू नका. त्याने ते मोठ्या माणसाकडून ऐकलेले आहे आणि आता कोणते मोठे माणूस खरे, हा नवा पेच त्याच्यापुढे पडेल. ‘ते चित्र बघून तुला भीती वाटली. तू लहान आहेस आणि देव तुला जपतो, मी पण जपते’ एवढेच, त्याच शब्दांत, रोज झोपताना सांगा. दिवा काही दिवस राहू द्या. दूध सांडले की फडके त्याच्याच हातात द्या, दोघांनी पुसा, आणि त्यात देवाला आणू नका.

‘देव बघतोय’ हे वाक्य आपल्या सगळ्यांच्याच घरांत फार सैलपणे वापरले जाते. मूल ऐकत नाही, आपण थकलेलो असतो, आणि देवाला पोलिसासारखे दारात उभे करतो. मग त्याच मुलाने मोठेपणी देवाशी मनमोकळे बोलावे अशी अपेक्षा कशी धरायची? नरकाविषयी ख्रिस्ती मंडळीची शिकवण काय, हा वेगळा आणि गंभीर विषय आहे. तो समजायला जी न्यायबुद्धी लागते ती साडेचार वर्षांच्या मुलात अजून आलेली नसते. जे कळत नाही ते त्याच्यापाशी फक्त भीती होऊन राहते.

बाईंशी बोलणे भाग आहे, कारण त्या वर्गात तुमचा एकटाच मुलगा नाही. सासूबाईंना आधी विश्वासात घ्या. रात्री जागणारा नातू त्यांनीही पाहिलाच असेल. बाईंना दोष न देता मुलाचे वर्तन जसेच्या तसे सांगा आणि ती चित्रे लहान गटासमोर दाखवू नयेत अशी विनंती करा. त्यांनी ऐकले नाही तर पाळकसाहेबांकडे जा. तोपर्यंत उपासनेच्या वेळी मुलाला आपल्याजवळ बसवून घेतले तरी काही बिघडत नाही.

प्रश्न : नोहाच्या तारवाची, म्हणजे महापुरातून जनावरांना वाचवणाऱ्या नावेची, गोष्ट मुलांची सर्वांत आवडती असते असे म्हणतात. माझ्या वर्गात पंचगंगेच्या काठच्या चिखली-आंबेवाडीकडची मुले आहेत. यंदा गोष्ट सांगितल्यावर एका मुलीने विचारले, ‘देवानंच पाणी सोडलं का?’ मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. काय सांगायला हवे होते?

उत्तर : खेळण्यांच्या दुकानांनी या गोष्टीचे जिराफ आणि हत्ती भरलेले लाकडी तारू करून टाकले आहे, त्यामुळे ती बुडालेल्या जगाची गोष्ट आहे हे शिक्षिकाही विसरतात. मुली विसरत नाहीत, निदान ज्यांच्या घरात दर पावसाळ्यात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी विचारली जाते त्या तरी नाहीत. पाणी 39 फुटांच्या इशारा पातळीकडे सरकू लागले की तिच्या घरी जनावरे आधी हलवायची की धान्य, याची चर्चा सुरू होते आणि 43 फुटांची धोका पातळी येण्याआधी बिऱ्हाड सोनतळीकडे निघते. 2019 आणि 2021 च्या महापुरांच्या वेळी ही मुले जन्मलेली नसतील किंवा तान्ही असतील, पण घरात त्या पुरांची गोष्ट रोज सांगितली जाते. भिंतीवरची पाण्याची खूण त्यांनी पाहिलेली असते.

तिच्या प्रश्नाला खरे उत्तर देण्यासारखे आहे आणि ते सोपे आहे : ‘नाही. फार पाऊस पडला, धरणं भरली, म्हणून नदीला पूर आला. देवानं तुझ्यावर रागावून पाणी सोडलं नाही.’ उद्या तिला जवळ घेऊन एवढे सांगा. उशिरा सांगितले तरी चालते. मग ती पुढचे विचारेल, की गोष्टीत तर देवानेच सोडले होते. तेव्हा ‘ती फार जुनी गोष्ट आहे, तू मोठी झालीस की आपण ती नीट वाचू’ असे म्हणण्यात कमीपणा नाही. पूररेषेतल्या गावांची मुले ज्या वर्गात आहेत तेथे ही गोष्ट बालवर्गाच्या तक्त्यातून मी काढूनच टाकेन, आणि जून ते सप्टेंबरमध्ये तर नक्कीच. इंद्रधनुष्य दाखवायचे असेल तर त्यासाठी तारू लागत नाही. रंकाळ्यावर पाऊस उघडला की ते दिसतेच.

त्याऐवजी त्या मुलीला पुराच्या दिवसांत काय घडले ते सांगू द्या. कोणी होडी आणली, कोणी शाळा उघडून दिली, कोणाच्या घरून भाकरी आल्या. त्या भाकरी देणाऱ्यांची नावे घेऊन आभार मानणे ही तिच्या वयाला पेलणारी प्रार्थना आहे.

प्रश्न : उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) बालवर्गाला काय सांगावे? वधस्तंभ टाळावा का?

उत्तर : टाळू नये. भिंतीवर क्रूस असतो, घरी आजीच्या गळ्यात असतो, मुले विचारणारच. पण खिळे, काटे, रक्त यांचे वर्णन करू नये आणि वधस्तंभाची चित्रफीत तर कधीच दाखवू नये. ‘येशूला काही लोकांनी मारलं, तो मेला, त्याच्या मित्रांना फार वाईट वाटलं, तिसऱ्या दिवशी तो पुन्हा जिवंत झाला’ ही चार वाक्ये एकाच बैठकीत, एका दमात सांगावीत. शुक्रवारी शाळेला सुट्टी असल्यामुळे अनेक शिक्षिका गुरुवारी मरणापर्यंत येऊन थांबतात आणि पुनरुत्थान सोमवारवर टाकतात. मोठ्यांना उपवासाच्या आठवड्यात तसे थांबणे कळते, मुलाला मात्र येशूला मेलेल्या अवस्थेत घेऊन चार दिवस घरी बसावे लागते. ‘तुझ्या पापांमुळे तो मेला’ हे वाक्य या वयात उच्चारू नये. मूल ते शब्दशः घेते.

मरणाविषयी मुलांनी विचारले तर ‘झोपला’ असे सांगू नका, नाहीतर त्यांची झोप उडेल. मेला म्हणजे आता श्वास घेत नाही, जेवत नाही, त्याला दुखत नाही, असे स्पष्ट सांगावे. त्यापुढे आपली आशा काय ती आपली म्हणून सांगावी.

प्रश्न : मंडळीत (चर्चमध्ये) दरवर्षी बायबलमधील वचनांच्या पाठांतराची स्पर्धा असते. चार वर्षांच्या मुलांनाही उभे करतात. योग्य आहे का?

उत्तर : पाठांतर योग्य, स्पर्धा नको. ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’ एवढे चार शब्द मूल हसत हसत पाठ करते, विशेषतः मेंढरे हातात असली तर. अध्याय आणि ओवीचे आकडे मात्र आईबापांच्या कौतुकासाठी असतात. मंचावर रडू फुटलेल्या मुलाला मागून ढोसणारे पालक मी पाहिले आहेत. तेवढे बंद झाले तरी पुष्कळ झाले.

प्रश्न : शाळा इंग्रजी माध्यमाची असल्यामुळे प्रार्थना आणि गाणी इंग्रजीत होतात. घरी आम्ही मराठी बोलतो. मुलीला प्रार्थना तोंडपाठ आहे, पण ती पोपटपंची वाटते. मराठी गीते लहान मुलांना जड जातील का?

उत्तर : तीन-चार वर्षांचे मूल ज्या भाषेत रडते त्या भाषेत त्याने प्रार्थना करावी. इंग्रजी गाणी नाचायला चांगली असतात, ती चालू द्या. पण झोपताना, आजारपणात, अंधारात आठवावी अशी प्रार्थना घरच्या भाषेतली हवी. ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ ही प्रभूची प्रार्थना या वयाला लांब आहे. तिच्यातले पहिले संबोधन घ्या आणि पुढे मुलीला स्वतःचे वाक्य जोडू द्या. ‘देवबापा, आज मनीला पिल्लं झाली’ ही पूर्ण प्रार्थना आहे.

मराठी गीते जड जातील ही भीती मला पटत नाही. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेले रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी ख्रिस्ती भजने अभंग आणि ओवीच्या वळणाने लिहिली, कीर्तनही ख्रिस्ती उपासनेत आणले. ‘उपासना संगीत’ हे मराठी ख्रिस्ती गीतांचे पुस्तक उघडलेत तर त्यांची पदे तुम्हाला भेटतील. ही वळणे आपल्या मुलांच्या कानांवर शेजारच्या घरातून, देवळातून, एकादशीच्या दिंडीतून आधीच पडलेली असतात. पूर्ण पद शिकवू नये, धृपद तेवढे घ्यावे, आणि अर्थ समजावण्याच्या भानगडीत पडू नये. अवघड शब्द मूल चघळत राहते आणि कधीतरी स्वतःच विचारते. पेटी वाजवणारे कोणी नसेल तर नुसत्या टाळ्या पुरतात. टाळांच्या जोड्या द्यायच्या असतील तर थोड्याच द्याव्यात आणि त्या आळीपाळीने फिरवाव्यात. प्रत्येकाच्या हातात टाळ आले की गाणे कोणालाच ऐकू येत नाही, आणि शेजारच्या वर्गाच्या बाईंची तक्रार दुसऱ्याच दिवशी येते.